भुलीच्या आधी

मराठीत ‘भूल’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. चुकीलाही भूल म्हणतात, मोहालाही भूल म्हणतात आणि शस्त्रक्रियेआधी देतात तीही भूलच! या शेवटच्या भुलीविषयी आमच्या घरात एवढेच ठाऊक होते, की सुई टोचतात आणि माणूस झोपतो. माणूस झोपल्यावर त्याच्या श्वासाचे काय होते, हा प्रश्न आम्हा कुणाला कधी पडलाच नव्हता.

गेल्या पावसाळ्यात अण्णांच्या पोटात दुखू लागले. पित्ताशयात खडे निघाले. अण्णा वसई पूर्वेला एका कारखान्यात रात्रपाळी करतात. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. म्हणून इस्पितळाचे सारे कागद माझ्याच हाती. शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन करायची ठरली आणि त्याआधी भूलतज्ज्ञ बाई तपासायला आल्या. त्या पोट पाहतील असे आम्हाला वाटले होते. पण त्या म्हणाल्या, “काका, ताठ बसा. तोंड पूर्ण उघडा, जीभ बाहेर काढा. ‘आ’ म्हणू नका, नुसतं उघडा.”

अण्णांचे तोंड उघडेना. बाईंनी त्यांना त्यांचीच बोटे उभी करून वरच्या-खालच्या दातांमध्ये धरायला सांगितली. एरवी तीन बोटे मावतात. अण्णांची दोनही कशीबशी गेली.

“मावा किती वर्षं?” बाईंनी विचारले.

“छे, मी कशाला?” अण्णा म्हणाले, पण बोलताना त्यांनी बाईंकडे नव्हे, माझ्याकडे पाहिले.

“अण्णा, त्यांना खरं सांगा,” मी म्हटले.

बऱ्याच वेळाने ते हळूच म्हणाले, “रात्रपाळीला डोळा लागतो गं बाय. वीस वर्षं झाली.”

मग बाईंनी आम्हाला समजावून सांगितले. पूर्ण भुलीत स्नायू सैल करण्याचे औषध देतात, तेव्हा रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. मग जिभेमागून, स्वरतंतूंमधून श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास द्यावा लागतो. शरीरातला प्राणवायू काही मिनिटेच पुरतो. तेवढ्यात नळी गेली नाही तर जिवावर बेतते. म्हणून रुग्ण जागा असतानाच वाट पाहून ठेवायची. सुपारीने तोंडातली कातडी आतून आवळत जाते, घट्ट पट्टे तयार होतात. भुलीतही ते सैल पडत नाहीत. पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो. 2012 पासून आपल्या राज्यात गुटख्यावर बंदी आहे. पण सुपारीचे आवळणे काही थांबलेले नाही.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचले. उघड्या तोंडात पडजीभ आणि टाळू किती दिसतात, यावरून नळी घालणे अवघड जाईल का, याचा अंदाज बांधण्याची ही रीत डॉ. मल्लमपट्टी या भारतीय वंशाच्या भूलतज्ज्ञांची आहे. अमेरिकेत काम करताना त्यांनी 1983 साली ही कल्पना मांडली आणि 1985 साली 210 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तीन वर्ग केले होते. 1987 साली दुसऱ्या दोघांनी चौथा जोडला. मान मागे टाकून कंठमणी ते हनुवटी हे अंतर मोजतात, त्या कसोटीला पाटील यांचे नाव आहे. अंतर साडेसहा सेंटीमीटरहून अधिक असले तर सहसा अडचण येत नाही. हलणारे दात, कवळी, मानेची हालचाल, झोपेतले घोरणे, सारे पाहतात. कोणतीही एक कसोटी पुरती खात्रीची नाही, म्हणून अनेक एकत्र लावतात. प्रयोगशाळा नको, यंत्र नको; एक बॅटरी, तीन बोटे आणि लक्ष देणारा माणूस हवा!

बाईंनी स्पष्ट सांगितले, “यांना जागेपणीच, नाकातून बारीक दुर्बीण घालून नळी बसवावी लागेल. ती सोय इथे नाही. मुंबईला न्या.” घरी एकच गहजब झाला. आत्या म्हणाली, “दुखणं पोटात आणि बघतात तोंड! पैसे काढायचे धंदे सगळे.” आईही डळमळली. मी मात्र हटले नाही. पहिल्यांदाच घरातल्या मोठ्यांसमोर एवढे बोलले. विरारहून सुटणाऱ्या गाडीने आम्ही अण्णांना मुंबईला नेले. घसा बधिर करून, ते जागे असतानाच नळी घातली आणि मगच भूल दिली. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली.

पण माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. अण्णांनी मावा आईपासून लपवला नव्हता. तिला ठाऊक होते. त्यांनी तो माझ्यापासून लपवला होता. मुलगी कॉलेजात जाते, तिच्यासमोर आपण कमी दिसू नये म्हणून! ज्या शिक्षणासाठी त्यांनी रात्री जागून काढल्या, त्याच शिक्षणाची त्यांना भीती वाटावी? त्या बाईंच्या आवाजात धाक नव्हता, तिरस्कार नव्हता, म्हणूनच अण्णांना खरे बोलता आले. नुसते प्रश्न विचारता येणे म्हणजे विद्या नव्हे. समोरच्याला लाज न वाटता उत्तर देता येईल असे विचारणे, ही विद्या.

आता अण्णा रोज तोंड उघडण्याचा व्यायाम करतात. मावा सुटला आहे. अजून बोटे दोनच मावतात. पण परवा रात्रपाळीहून आल्यावर ते आपण होऊन म्हणाले, “बाय, काल लई तलफ आली होती.” मी चहा ठेवला आणि शेजारी बसून ऐकत राहिले.

– द्वितीय वर्ष, कला