फुकटची सालं महागात पडली

मैत्रिणींनो, काटकसर कुणाला आवडत नाही? मलाही आवडते. पण गेल्या श्रावणात याच काटकसरीपायी माझ्या तीन कोंबड्या गेल्या. तुमच्याही परसात चार कोंबड्या असतील, म्हणून सांगते.

आमच्या बावड्याकडे उसाबरोबर डाळिंबाच्याही बागा आहेत. आंबे बहाराची डाळिंबं आषाढ-श्रावणात उतरतात. माझ्या अकरा कोंबड्या. एकीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतं, आणि खाद्याचे भाव तर तुम्ही जाणताच! मनात आलं, निम्मं सालांवर भागवावं. एका रसवाल्याकडून डाळिंबाच्या नि पपईच्या सालांचं पोतं आणलं. बाहेर पावसाची झड, वाळवायला ऊन नाही. पोतं पडवीत तसंच राहिलं.

आत्याबाई म्हणाल्या, "अगं, वास येतोय."

"कोंबड्या तर उकिरडा उकरतात, आत्याबाई!" असं म्हणून मी वरची बुरशी झटकली नि सालं टाकली.

पाचव्या दिवशी कोंबड्या पंख पाडून बसल्या. अंडी निम्म्यावर आली. तीनजणी गेल्या. जनावरांचे डॉक्टर पोतं बघून म्हणाले, "बुरशीचं विष धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही. अंड्यातही उतरू शकतं."

माझ्या पोटात गोळाच आला. शेजारच्या काकूंची लेक बाळंतपणाला आलेली, तिला अंडी माझ्याकडूनच जात होती! लाज गिळून गेले, सगळं सांगितलं, पैसे परत केले. काकू काही बोलल्या नाहीत. उरलेली सहा अंडी त्यांनी माझ्यासमोर खड्ड्यात टाकली.

तेव्हापासून एक पक्कं केलंय. सालं हे जेवण नव्हे, तोंडीलावणं. त्यांत प्रथिनं थोडी. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात मात्र शेकडा १६ ते १८ भाग प्रथिनं हवीत. ती पेंडीतूनच मिळायची. पेंडही वास घेऊन, कोरडी बघूनच घ्यावी. डाळिंबाचं साल तुरट. जास्त झालं तर प्रथिनं पचू देत नाही. म्हणून ताजी सालं कडक उन्हात कुरकुरीत वाळवावी, कुटावी आणि किलोभर खाद्याला चहाचे दोन चमचे घालावी. ऊन नसेल तर नकोतच. पपईचं साल ताजं, बारीक चिरून द्यावं. त्यानं बलक पिवळाधमक होतो. संध्याकाळी उरलेलं काढून टाकावं. लोणच्यातली खारट फोड कधीच देऊ नये. कवच टणक हवं तर शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवावा.

परवा काकूंचा निरोप आला, "नातवाला अंडं सुरू करायचंय, चार पाठव." मी पाठवली नाहीत. स्वतः घेऊन गेले, आणि बरोबर खाद्याची पाटीही नेली दाखवायला.