आत तुटलेला बोल्ट

बोल्ट तुटतो तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. आधी पाना थोडा मऊ लागतो. वाटतं, सुटला एकदाचा. मग ‘टक्’ होतं आणि पान्यात नुसतं डोकं राहतं. 2023 च्या मे महिन्यात, हिंगणघाटच्या उन्हात, अब्बांच्या गॅरेजमध्ये मी तो आवाज ऐकला. बोल्ट माझ्याच हातून तुटला होता.

मी शाळामास्तर. उन्हाळ्याच्या सुट्टीत गॅरेजवर बसतो, कारण अब्बांचे हात आता थरथरतात. डोळे आणि कान मात्र शाबूत आहेत. आमच्या गॅरेजात मोटारसायकली येतात, शेतातले पंप येतात, कधी फवारणीची यंत्रं. बोटीचं इंजिन पहिल्यांदाच आलं होतं. आणणारे भाऊ वणा नदीकाठच्या गावचे, ढीवर समाजाचे, तलावात जाळी टाकणारे. कोकणातून जुनं पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन त्यांनी उचललं होतं, बोटीच्या मागे लावतात तसलं. आदल्या वर्षीच्या, म्हणजे 2022 च्या जुलैतला पूर हिंगणघाटात कोणी विसरलेलं नाही. भाऊ म्हणाले, “चाचा, मासोळीसाठी वल्हं पुरते. हे पुरासाठी घेतलं. बोटीत लेकरंबाळं असतील तवा मधात बंद नाही पडलं पाहिजे.”

इंजिन सुरू व्हायचं, पण दहा मिनिटांत तापायचं. अशा इंजिनाला रेडिएटर नसतो. खालचा पंप नदीचंच पाणी वर ओढतो, ते सिलिंडरभोवती फिरतं आणि बाहेर पडतं. हे इंजिन आधी समुद्रात चाललेलं, त्यामुळे पाण्याच्या वाटा मिठाने बुजल्या होत्या. त्या साफ करायच्या तर हेडचं झाकण काढावं लागणार, आणि झाकणाचे सहा एमएमचे बोल्ट जागचे हलत नव्हते.

वर्ध्यापासून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. तरी त्याचं मीठ आमच्या टेबलावर येऊन बसलं होतं. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, बोल्ट स्टेनलेस स्टीलचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मधे खारं पाणी आलं की ते बॅटरीच्या सेलसारखं वागतं. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांमध्ये पाचरीसारखी ठासून बसते. बोल्टला गंज लागलेला नसतो, पण चहूबाजूंनी तो आवळला गेलेला असतो.

हे सगळं अब्बांनी मला आधी सांगितलं होतं. “आज फक्त तेल सोड. पाना उद्या.” मी तेल सोडलं. अब्बा जोहरच्या नमाजला गेले आणि मी दहा नंबरचा पाना लावला, त्यात पाइप घालून जोर केला. टक्. बोल्ट झाकणाच्याही आत, ब्लॉकच्या पातळीला तुटला.

पहिला विचार काय आला ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. वाटलं, बाकीचे बोल्ट आहेतच. या भोकात एम-सील भरावं, वर बोल्टचं डोकं चिकटवावं, कोणाला कळणार? अब्बा परत आले. त्यांनी माझं तोंड बघितलं, मग झाकणाकडे बघितलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “भाऊंना फोन कर. सांग, आमच्या हातून तुटला.”

मी म्हणालो, “आधी काढून तर बघू. निघाला तर सांगायची गरजच नाही.”

“इंजिन आपलं नाही, अमानत आहे. आणि ते तलावात नाही, पुरात जाणार आहे.” मग जरा थांबून त्यांनी मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. शिकाऊ असताना त्यांनीही उस्तादांच्या गॅरेजात एक बोल्ट तोडला होता आणि वर ग्रीस फासून गाडी देऊन टाकली होती. गाडी वाटेत बंद पडली, मालक रात्रभर रस्त्यावर राहिला. “त्याने कधी मला पकडलं नाही,” अब्बा म्हणाले, “म्हणून तर अजून आठवतं.”

मी फोन केला. भाऊ थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “पावसाच्या आधी होईन ना, मास्तर?”

पुढचे तीन दिवस मी अब्बांच्या सांगण्याने काम केलं. रोज सकाळ-संध्याकाळ तेल, आणि पितळी दांडा टेकवून प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे बेताचे ठोके. त्या हादऱ्याने भुकटीला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. चौथ्या दिवशी सगळं तेल पुसून गॅसची ज्योत धरली, तीही बोल्टवर नाही, भोवतालच्या ॲल्युमिनियमवर. तापल्यावर ॲल्युमिनियम साध्या पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. स्टेनलेसच्या मानाने फरक कमी पडतो, पण पडतो. धोका असा की ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, 660 अंशाला सरळ वितळतं. म्हणून अब्बा पाण्याचा थेंब टाकून बघत. थेंब तडतडून उडाला की म्हणत, “बस.”

मग पाना. आधी किंचित आवळायचा, मग किंचित सोडायचा. पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. आट्यांतून पांढरी भुकटी बाहेर येऊ लागली. असे सगळे निघाले, एक सोडून. त्याचं डोकं उडालं, पण झाकण काढल्यावर त्याचा तुकडा बोटाच्या पेराएवढा वर उभा होता. वेल्डिंगवाल्याने त्यावर नट बसवून आतून स्टेनलेसच्या रॉडने जोडला. वेल्डिंगची धग खोलवर गेली, आणि निवल्यावर तो तुकडा नटासकट फिरत बाहेर आला.

उरला माझा. त्याला पकडायला काहीच नव्हतं. मी इझी-आऊट काढला तर अब्बांनी तो परत डब्यात टाकला. “हा आत तुटला तर ड्रिलही चालणार नाही.” खरंच आहे, ते हत्यार इतकं कडक असतं की साधं ड्रिल त्यावर घसरतं. मी तुरटीचं विचारलं. घड्याळवाले पितळेत तुटलेला स्क्रू तुरटीच्या गरम पाण्यात विरघळवतात, हे मी ऐकलं होतं. अब्बांनी तुटक्या डोक्याला चुंबक लावलं. चिकटलं नाही. “साधं पोलाद असतं तर तुरटीने खाल्लं असतं. स्टेनलेसला नाही खात.”

शेवटी ड्रिलच. भीती एकच: ड्रिल कडक स्टेनलेसवरून घसरून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं. अब्बांनी लेथवाल्याकडून एक छोटा बुश करून आणला. बाहेरून झाकणाच्या भोकात घट्ट बसणारा, आत बरोबर मधोमध तीन एमएमचं भोक. झाकण परत बसवलं, बुश घातला, आता ड्रिलला सरळ जाण्यावाचून वाट नव्हती. “हळू फिरव, पण दाबून धर. नुसतं घासलंस तर स्टेनलेस आणखी कडक होतं.” ते बाजूला खुर्चीवर बसून आवाज ऐकत होते. आवाज बारीक झाला की म्हणत, “तेल.”

तीननंतर बुश काढून चार, मग पाच एमएम. बोल्टचं पातळ टरफल उरलं, ते सुईने खरवडून काढलं. आटे खराब झालेच होते. मग भोक मोठं करून नवे आटे पाडले आणि नागपूरहून आणलेलं तारेचं हेलिकॉइल बसवलं. ॲल्युमिनियममध्ये असा आटा मूळच्यापेक्षा पक्का ठरतो. पाण्याच्या वाटा साफ केल्या, पॅकिंग नवं टाकलं. बोल्टही सगळे नवे, आणि प्रत्येकाला जाम न होण्याचं ग्रीस.

भाऊ आले तेव्हा इंजिन पाण्याच्या ड्रमात उभं होतं. दोरी ओढली, सुरू झालं. बाजूच्या छोट्या भोकातून पाण्याची धार पडू लागली. भाऊंनी धारेखाली हात धरला आणि दहा मिनिटं, पंधरा मिनिटं काढला नाही. पाणी कोमटच राहिलं. मी हेलिकॉइलची जागा त्यांना बोटाने दाखवली. अब्बांनी त्या एका बोल्टचे पैसे, लेथ आणि हेलिकॉइल धरून, बिलातून वजा केले.

बुश आणि माझ्या बोल्टचं डोकं मी शाळेच्या कपाटात ठेवलंय. भाऊ दरवर्षी पावसाच्या आधी इंजिन दाखवायला आणतात. मी झाकणाचे बोल्ट एकेक करून सोडतो, ग्रीस लावतो, परत आवळतो. अब्बा खुर्चीवर बसून मोजतात.