अठ्ठावीस दिवसांचा महिना

बारावीचा निकाल २१ मे २०२४ ला लागला आणि पनवेलच्या कॉलेजात बीकॉमला प्रवेश पक्का होईपर्यंत जून संपत आला. नेमक्या त्याच आठवड्यात मोबाइल कंपन्यांनी दरवाढ जाहीर केली. जिओ आणि एअरटेलची ३ जुलैपासून, व्होडाफोन आयडियाची ४ जुलैपासून. जिओचा रोज दीड जीबीवाला २८ दिवसांचा रिचार्ज २३९ चा २९९ झाला आणि ८४ दिवसांचा ६६६ चा ७९९. तोवर माझा आणि आईचा फोन दादाच भरायचा. तो म्हणाला, "आता तुझं तू बघायचं. महिन्याला पाचशे टाकत जाईन. त्यात रिचार्जपण आला आणि झेरॉक्सपण."

आमचं गाव पोलादपूरपासून बरंच आत. तिथे एकाच कंपनीची रेंज धड येते, तीही पडवीत. माजघरात गेलं की आवाज तुटायला लागतो. त्यामुळे अख्ख्या वाडीकडे एकच सिम आणि निवडण्याचा प्रश्न कधी कोणाला पडलाच नाही. फोनच्या हिशेबात मुंबईचं सर्कल वेगळं आणि बाकीचा महाराष्ट्र गोव्यासकट वेगळा. मी लहान असताना मुंबईचे काका गणपतीला आले की फोन बंद करून ठेवायचे, कारण आलेल्या कॉललाही रोमिंगचे पैसे पडायचे. ते आता गेलं. पण "इथं कोणतं चालतं?" हा प्रश्न काही गेला नाही.

न्यू पनवेलला आम्ही चौघींनी मिळून खोली घेतली. स्टेशनपासून चालत जाता येतं, कॉलेजही जवळ, भाडं परवडणारं. ते परवडणारं का होतं, ते रात्री कळलं. तळमजला, तिन्ही बाजूंनी इमारती आणि आतल्या खोलीची एकुलती खिडकी डक्टमध्ये उघडणारी. माझ्या सिमला दारात दोन काड्या, पलंगावर एकही नाही. आई फोन लावतेय आणि तिला बाई सांगतेय, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दुसऱ्या दिवशी आई रडवेली. पनवेलसारख्या शहरात रेंज नाही हे तिला पटेचना. तिला वाटलं मीच उचलत नाही.

आमच्यातली एक पेणची, एक कर्जतची, एक अलिबागकडची. प्रत्येकीने आपापल्या गावात जे चालतं ते सिम आणलेलं. हे आमच्या फायद्याचं ठरलं. दुकानदाराला विचारण्यापेक्षा आम्ही चारही फोन पलंगावर ओळीने ठेवले, दार लावलं आणि घरी फोन केले. नंतर रात्री नऊ-साडेनऊला, जेव्हा आजूबाजूचे सगळे नेटवर असतात, तेव्हा एकच व्हिडिओ चारही फोनवर लावला. भर दुपारी रस्त्यावर उभं राहून स्पीड बघण्यात काही अर्थ नाही. दुपारी सगळ्यांचंच पळतं. रात्री चारातले दोन फोन गोल गोल फिरत बसले. तिसरा रडतखडत चालला आणि एकावर व्हिडिओ न थांबता सुरू राहिला. तो फोन पेणवालीचा.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सेवेच्या दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू केले आणि कुठे कोणती सेवा मिळते त्याचे नकाशे संकेतस्थळावर टाकणं कंपन्यांना बंधनकारक झालं. ते आल्यावर मी हौसेने उघडून पाहिले. माझ्या जुन्या कंपनीच्या नकाशावर आमची इमारत पूर्ण रंगलेली होती, गावातलं माजघरही. रस्त्यासाठी त्या नकाशावर जरूर विश्वास ठेवावा. तळमजल्याच्या आतल्या खोलीसाठी नाही.

कंपनी ठरली, आता प्लॅन. स्टेशनजवळच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, ३४९ चा घ्या. दोन जीबी आणि ५जी अनलिमिटेड." दरवाढीनंतर जिओ-एअरटेलचं अमर्याद ५जी रोज दोन जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनवरच मिळू लागलं होतं, त्यामुळे तो चुकीचं काही बोलत नव्हता. पण माझा फोन दादाचा जुना, ४जी. जे माझ्या फोनला दिसणारच नाही त्याचे पन्नास रुपये जास्त कशाला?

खरा घोळ २८ दिवसांचा. घरभाडं महिन्याचं, मेसचे पैसे महिन्याचे, दादाचे पाचशे एक तारखेला, आणि रिचार्ज मात्र दर वेळी दोन-तीन दिवस अलीकडे सरकतो. कॉमर्सची विद्यार्थिनी असल्यामुळे वहीत मांडून पाहिलं. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा. २९९ च्या हिशेबाने ३,८८७ रुपये. ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरायचा, असा प्रत्येकी किमान एक प्लॅन ठेवाच, असं ट्रायने २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं, ते याच तक्रारींमुळे. पण दुकानात तो प्लॅन आपणहून कोणी पुढे करत नाही.

८४ दिवसांचा ७९९ वाला दिवसाला साडेनऊ रुपयांना पडायचा, २८ दिवसांचा २९९ वाला जवळजवळ पावणेअकराला. स्वस्त कोणता हे शाळेतलं पोरही सांगेल. पण हातात पाचशे असताना आठशे आणायचे कुठून? एकरकमी पैसे नसलेल्याला नेट महाग मिळतं. किराण्यातही तसंच आहे म्हणा, पण किराणा उधार मिळतो.

त्या जुलैत बीएसएनएलची चर्चा जोरात होती. त्यांनी दर वाढवले नव्हते आणि त्या एका महिन्यात त्यांचे देशभरात सुमारे २९ लाख ग्राहक वाढले. कर्जतवालीच्या वडिलांनी घरातली सगळी सिमं तिकडे नेली आणि ते खूश आहेत. आमच्या खोलीतल्या परीक्षेला ते सिम बसलंच नव्हतं, म्हणून माझ्यापुरता तो विषय तिथेच थांबला.

शेवटी मार्ग निघाला तो खिडकीवाटे. चौघींत मिळून ब्रॉडबँड घ्यायचं ठरलं. मालक काका भिंतीला भोक पाडू देईनात. मग वायर डक्टच्या खिडकीतून आत घेतली. महिना ३९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७१. (मोबाइल रिचार्जच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो, ब्रॉडबँडच्या जाहिरातीत बहुधा नसतो.) चौघींत प्रत्येकी ११८. खोलीत वाय-फाय आल्यावर फोनला नेट लागतं ते फक्त बाहेर, यूपीआय आणि व्हॉट्सअॅपपुरतं. त्याला तेव्हाचा १८९ चा, २८ दिवसांत एकूण दोन जीबीचा प्लॅन पुरला. दोन्ही मिळून ३०७. उरलेल्यात झेरॉक्स. एप्रिल-मे आम्ही गावी असतो तेव्हा वाय-फाय भरतच नाही.

नंबर मात्र बदलायचा नव्हता. बँक, आधार, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळ्यांचे ओटीपी त्याच्यावर. म्हणून पोर्ट केलं. १९०० वर PORT हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत आणि पुढे आपला नंबर असा मेसेज टाकायचा. आठ अक्षरी कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन दुकानात गेलं की एकाच सर्कलमध्ये तीन कामकाजाच्या दिवसांत काम होतं. मधल्या काळात जुन्या कंपनीच्या माणसांचे फोन येत राहिले. एरवी माझी कधी चौकशी न करणाऱ्यांनी खास माझ्यासाठी राखून ठेवलेली ऑफर सांगितली. मी म्हटलं, "खोलीत रेंज द्या, थांबते." त्यावर फोन ठेवला गेला.

आता गावी गेले की माझ्याच फोनला घरात रेंज नसते. बोलायला आईचा फोन घेते, ओटीपी हवा असेल तर फाट्यापर्यंत चालत जाते. वर्षातले दहा महिने इथे आणि दोन तिथे, तेव्हा हा तोटा मी समजून घेतला. आईचं जुनंच सिम ठेवलं. ती नेट उघडतही नाही आणि आम्ही वर्षानुवर्षं डेटाचे पैसे भरत होतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं सक्तीचं केलं. जानेवारीत ते आले, ८४ दिवसांना जिओचा ४४८, एअरटेलचा ४६९. तसाच पॅक आता मी पनवेलहून तिला मारते. आपल्या आईच्या फोनवर कोणता प्लॅन आहे, ते एकदा बघून घ्या.

मी शेवटी कोणत्या कंपनीचं सिम घेतलं ते इथे सांगत नाही. आमच्या शेजारच्या इमारतीतही ते चालत नाही. पनवेलला खोली बघायला याल तेव्हा डिपॉझिट देण्याआधी आत जा, दार लावा आणि घरी फोन लावून बघा.