वेताळाला घेऊन सॅन डिएगोला

"आई, तुला त्यातलं नक्की काय आवडतं ते ठरवून ये," लेक फोनवर म्हणाली. "नाहीतर नुसती गर्दी बघून परत येशील."

२०२३ च्या उन्हाळ्यात मी तीन महिन्यांसाठी तिच्याकडे सॅन डिएगोला जाणार होते. दर जुलैत तिथे कॉमिक-कॉन भरतं. चित्रकथा, सिनेमे, मालिका, खेळणी यांच्यावर जीव टाकणारी लाखाहून जास्त माणसं तिथे जमतात. लेकीने माझंही नाव नोंदवलं होतं. तिच्या प्रश्नाला मी फोनवर काही बोलले नाही. रात्री पलंगाखालची ट्रंक ओढली. तळाशी जुन्या साडीच्या घडीत इंद्रजाल कॉमिक्सचा एक मराठी अंक होता. वेताळाचा.

सांगलीच्या गावभागात, रद्दीच्या दुकानातून दहाव्या वर्षी मी तो आणला होता आणि भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचला होता. वडील शिक्षक. चित्रांच्या पुस्तकांनी मुलं बिघडतात, असं त्यांचं ठाम मत. पुढे लग्न झालं, बँकेत नोकरी झाली, निवृत्तीही झाली. पण हा अंक मी कुणाला दाखवला नाही, लेकीलाही नाही. आवडीची लाज एकदा अंगात मुरली की वयाबरोबर ती जात नाही. अंक दोन पुठ्ठ्यांमध्ये घातला, कपड्यांच्या मधोमध ठेवला आणि विमानात बसले.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सर्वांत आधी सांगेन ते प्रवेशाचं. दारावर तिकीट मिळत नाही. आधी मेंबर आयडी काढायचा, मग आदल्या वर्षीच ठरलेल्या दिवशी संगणकासमोर बसायचं. तिथे आधी आलेल्याला आधी असा हिशेब नसतो. प्रतीक्षेत बसलेल्यांतून संगणक हवा त्याला आत घेतो. प्रवेशाच्या बिल्ल्याला सगळे बॅज म्हणतात. तो दिवसागणिक विकला जातो, आणि साठी ओलांडलेल्यांना सवलत असते. आम्हाला गुरुवार, शुक्रवार आणि रविवार मिळाला, शनिवार हुकला. बॅज नावाचा असतो, दुसऱ्याच्या गळ्यात चालत नाही. म्हणून कुणी स्वस्तात देतो म्हणालं तरी घेऊ नये.

आम्ही निघायच्या सुमारास वेगळीच बातमी आली. हॉलिवूडचे लेखक मे महिन्यापासून संपावर होते, १४ जुलैला अभिनेतेही संपावर गेले. कॉमिक-कॉन २० तारखेला सुरू होणार होतं. मोठमोठ्या स्टुडिओंनी आपले कार्यक्रम मागे घेतले. लेकीच्या मैत्रिणी हळहळल्या, "काकू, यंदाच नेमकं काही नाही हो." मला त्याचं फारसं दुःख झालं नाही. माझा वेताळ संपावर नव्हता.

लेक राहते तिथून ट्रॉलीची निळी लाइन जाते. ओल्ड टाउनला उतरून हिरव्या लाइनीत बसलं की गाडी कन्व्हेन्शन सेंटरच्या दारात सोडते. त्या दिवसांत स्वतःची गाडी आणायचा विचार कुणी करू नये. पार्किंग महाग, आणि रस्ते माणसांनी भरलेले. सकाळच्या ट्रॉलीत माझ्या शेजारी निळ्या रंगाने तोंड रंगवलेला मुलगा बसला होता. समोर एक आजोबा, त्यांच्या टोपीवर नाना बिल्ले. कुणी कुणाकडे टक लावून पाहत नव्हतं. मला तिथेच थोडं हलकं वाटलं.

पहिल्या दिवशी मी जी चूक केली ती सविस्तर सांगते, कारण पहिल्यांदा जाणारा प्रत्येक जण तीच करायला निघतो. मला सगळं पाहायचं होतं. तळमजल्यावर एकच प्रचंड दालन आहे. गल्ल्यांना नंबर आहेत, आणि ते शंभरापासून पाच हजारांच्या वर जातात. मी एका टोकापासून चालायला लागले. डोक्यावर मोठाले पडदे, चारी बाजूंनी आवाज, समोर माणसांची भिंत. फुकट वाटत होते ते घ्यायला हात पुढे केला, एक पिशवी भरली, दुसरी भरली. दुपारी एक वाजता पिंडऱ्यांत गोळे आले. लेक एका रांगेत उभी राहिली होती आणि मी "इथेच आहे" म्हणून चार पावलं पुढे गेले होते. त्या चार पावलांत आमची चुकामूक झाली. इतक्या गर्दीत फोन लागत नाही, निरोप अर्ध्या तासाने पोचतात. माझी बॅटरीही फोटो काढून संपत आलेली. दीड तास मी एका खांबाला टेकून उभी होते. सापडलो तेव्हा लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. ती रागावली नाही, नुसता हात घट्ट धरला. त्या दिवशी मी शेकडो गोष्टी पाहिल्या आणि संध्याकाळी एकही नीट आठवेना.

रात्री गरम पाण्यात पाय सोडून बसल्या बसल्या आम्ही दुसऱ्या दिवसाचे नियम ठरवले. तेच इथे देते.

दिवसाला एकच गोष्ट पक्की ठरवायची. बाकी जे भेटेल ते भेटेल. फोन असला तरी भेटण्याची एक जागा आणि वेळ आधी बोलून ठेवायची. जागाही "दाराजवळ" अशी नाही, तर अमुक नंबरच्या गल्लीचं मागचं टोक, अशी नेमकी. बूट रोजच्या वापरातलेच घालायचे, नवे नाहीत. जुलै असला तरी शाल हवीच, कारण वरच्या खोल्यांतला एसी हाडात शिरतो. पॉवर बँक, पाण्याची बाटली, आणि डबा. आतलं खाणं महाग, त्यालाही रांग. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली. रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलीने वासावरून विचारलं, मी तिला अर्धी दशमी दिली. तिने बदल्यात मला कुठल्या सत्राला किती आधी जायचं याचं सगळं गणित समजावून दिलं. रांगेत शेजाऱ्याशी बोलावं. तिथली खरी माहिती रांगेतच मिळते.

ते गणित असं: एक कार्यक्रम संपला की खोली रिकामी करत नाहीत. म्हणजे बाराचं सत्र हवं असेल तर अकराच्या सत्रापासूनच आत जाऊन बसावं. सर्वांत मोठं सभागृह हॉल एच. त्यात साडेसहा हजारांच्या आसपास माणसं मावतात, आणि एरवी तिथल्या खुर्चीसाठी लोक रात्रभर बाहेर झोपतात. त्या वर्षी तारे नव्हते, तेव्हा आम्ही शुक्रवारी जवळपास रांगेशिवाय आत गेलो, पाच मिनिटं बसलो आणि निघालो. मला ओढ होती ती वरच्या लहान खोल्यांची. शे-दोनशे खुर्च्यांच्या खोलीत चित्रकार कागदावर रेघ कशी धरतात ते सांगत होते, अक्षरं लिहिणारे फुगे कुठे ठेवायचे ते सांगत होते. ज्यांना फार वेळ उभं राहवत नाही त्यांच्यासाठी तिथे अपंग सेवेचा वेगळा कक्ष आहे. गुडघे दुखत असतील तर संकोच न करता पहिल्याच सकाळी तिथे जावं.

शुक्रवारची माझी एक पक्की गोष्ट होती आर्टिस्ट अ‍ॅली. दालनाच्या अगदी शेवटच्या टोकाला, हॉल एचच्या बाजूला, चित्रकार एकेका लहान टेबलामागे बसलेले असतात. मोठ्या कंपन्यांच्या झगमगाटातून लोक तिथवर पोचेपर्यंत थकलेले असतात, म्हणून आम्ही सकाळी आधी तिथेच गेलो. एका तरुण मुलीने आजीच्या स्वयंपाकघरावर छोटी चित्रकथा काढून स्वतःच छापली होती. मी विचारलं, "हे सगळं तुम्हीच काढलंत?" तिने मला प्रत्येक पान उलगडून दाखवलं. कुणाकडून चित्र काढून घ्यायचं असेल तर पहिल्याच दिवशी सांगावं, नंतर त्यांना वेळ उरत नाही. किंमत आधी विचारावी, घासाघीस करू नये. ती त्यांची वर्षाची कमाई असते. आणि मागे गिऱ्हाईक आलं की आपण बाजूला व्हावं, गप्पा नंतर मारता येतात.

वेश करून आलेल्यांबद्दलही एक सांगायला हवं. 'बार्बी' त्याच शुक्रवारी प्रदर्शित झाला होता, त्यामुळे जिकडेतिकडे गुलाबी कपडे होते. एका बाईंनी पुठ्ठा आणि फोमचं चिलखत सात महिने खपून घरी शिवलं होतं. फोटो काढण्याआधी विचारायचं, अंगाला किंवा कपड्याला हात लावायचा नाही, आणि गल्लीच्या मधे थांबवायचं नाही. मी विचारलं तेव्हा त्या बाई एका कडेला झाल्या, ताठ उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते सत्यनारायण व्यवस्थित पार पडलेल्या यजमानीणबाईंच्या चेहऱ्यावर दिसतं तसं होतं.

शनिवारी बॅज नव्हता, तरी आम्ही शहरात गेलो. सेंटरसमोरच्या गॅसलॅम्प क्वार्टरमध्ये बॅज नसलेल्यांनाही पाहण्यासारखं खूप असतं. ज्यांना एकही दिवस मिळाला नाही त्यांनी निदान एवढं करावं. तासाभरात परत आलो आणि मी दुपारभर झोपले. मधे एक दिवस विश्रांती मिळाली तर ती वाया गेली असं मानू नये.

रविवारी सकाळी मी ट्रंकेतला अंक पिशवीत टाकला. लेकीला अजून सांगितलं नव्हतं.

कॉमिक-कॉनची सुरुवात १९७० ची. त्या ऑगस्टमध्ये यू. एस. ग्रँट हॉटेलात तीन दिवसांचं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा तीनशेच्या आसपास माणसं होती आणि पाहुण्यांत चित्रकार जॅक कर्बी आणि लेखक रे ब्रॅडबरी होते. आज कर्बी नाहीत. पण दर वर्षी कॉमिक-कॉनच्या रविवारी त्यांच्या आठवणींचं एक सत्र होतं. त्यांच्याजवळ काम केलेले मार्क इव्हॅनिअर ते चालवतात. आम्ही त्याला बसलो. पांढऱ्या केसांची माणसं, शेजारी त्यांची नातवंडं. आयुष्यभर टेबलावर वाकून चित्रं काढलेल्या एका माणसाबद्दल तिथे जे बोललं जात होतं, ते आपल्याकडे गायकांबद्दल बोलतात त्या सुरात. माझ्या वडिलांना या खोलीत आणून बसवावं असं मला फार वाटलं.

खाली उतरले आणि जुने अंक विकणाऱ्यांच्या गल्लीत गेले. पुठ्ठ्याच्या लांबच लांब पांढऱ्या पेट्या, प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत, मागे ताठ पुठ्ठा. शेवटच्या दिवशी विक्रेते भाव कमी करतात, म्हणून तिथे खरेदी रविवारी करावी. एका टेबलावर फँटमचे अंक दिसले. मी तिथल्या वयस्क गृहस्थांना म्हटलं, "माझ्याकडेही एक आहे," आणि अंक पुढे ठेवला.

त्यांनी आधी हात रुमालाला पुसले. मग दोन्ही हातांनी अंक उचलला. मुखपृष्ठाकडे बराच वेळ पाहिलं. "ही कुठली भाषा?"

मी सांगितलं. इंद्रजाल १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झालं ते फँटमच्याच गोष्टीने, मराठीत त्याचं नाव वेताळ, आणि आमच्याकडे तो डेंकालीच्या जंगलात राहतो. ते एकदम थांबले. डेंकाली? मग मी खुलासा केला: ली फॉकने १९३६ मध्ये ही चित्रमालिका सुरू केली, आणि त्यातला देश आधी बेंगाली नावाचा होता. भारतातल्या वाचकाला तो बंगालच वाटला असता, म्हणून इंद्रजालने नाव बदललं. ते इतके खूश झाले की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारून ऐकवलं. मग म्हणाले, "एक पान वाचून दाखवता? मला अर्थ नको. नुसता आवाज ऐकू द्या."

मी वाचलं. आधी हळू. मग वेताळाचं बोलणं वेताळाच्या आवाजात, चाच्यांचं चाच्यांच्या. आवाज आपोआप मोठा झाला. पन्नास वर्षांपूर्वी भूगोलाच्या पुस्तकाआड मी ओठही न हलवता जे वाचलं होतं, ते त्या गजबजाटात मोठ्याने वाचत होते. चार-पाच माणसं थांबली. पान संपलं तेव्हा मागे लेक उभी होती, दोन हातांत कॉफीचे दोन कप.

त्या गृहस्थांनी अंकाच्या मापाची प्लॅस्टिकची पिशवी आणि पुठ्ठा काढला, अंक त्यात सरकवला, पैसे घेतले नाहीत. मी त्यांच्याकडून एक फँटम विकत घेतला.

जाणाऱ्याने बाटली, शाल, पॉवर बँक हे सगळं न्यावंच. पण आपल्या आवडीची एक खूणही न्यावी: जुना अंक, बिल्ला, स्वतः काढलेलं चित्र, काहीही. सव्वा लाख माणसांच्या गर्दीत आपली माणसं तिच्यामुळे सापडतात. आणि ती पहिल्याच दिवशी बाहेर काढावी. मी रविवारपर्यंत थांबले.

परतीच्या ट्रॉलीत बसायला जागा मिळाली. लेक म्हणाली, "आई, दे बघू तो." तिने अंक पिशवीतून अलगद काढला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. ओल्ड टाउन आलं, आम्हाला तिथे गाडी बदलायची होती. तिची चार पानं उरली होती. मी काही बोलले नाही. पुढच्या स्टेशनावर उतरून परत येता येतं.