तसबिरीखालची जागा

भांडुपास आमच्या घरीं देवघरावर राजा रविवर्मा यांची कमळावर उभी लक्ष्मी टांगलेली आहे. ही तसबीर आजीच्या वेळची. रविवर्म्यांनीं आपला शिळाछापखाना १८९४ सालीं काढला तो घाटकोपरास, म्हणजे आमच्यापासून तिसऱ्याच स्थानकावर. १८९९ सालीं तो मळवलीस गेला. त्या छापखान्यानें देवीला लुगडें नेसवून गरिबांच्या भिंतीपर्यंत आणलें, हे उपकार लहान नव्हेत.

परंतु त्या तसबिरीखालीं बसून आमची आई रोज तिन्हीसांजेस वाती वळी, तेव्हां आमची दृष्टि वर असे. आई वारल्यावर तिचें चित्र करवून घ्यावें असें मनांत आलें. चित्रकारास दाखविण्याजोगा एकच फोटो निघाला, तोहि लग्नांतला. त्यानें विचारलें, "त्या बसत कशा? हात कोठें ठेवीत?" आम्हां तिघां भावंडांपैकीं एकासहि सांगतां येईना.

त्या रात्रीं आम्ही महादेव विश्वनाथ धुरंधर यांचीं चित्रें काढून बसलों. ऑटो रॉथफील्ड या गोऱ्या अंमलदाराच्या भारतीय स्त्रियांवरील १९२० च्या पुस्तकांत त्यांचीं ४८ रंगीत चित्रें आहेत. जातवार नमुने मांडण्याचा त्या ग्रंथाचा हेतु आज आपणांस रुचणार नाहीं. तरी धुरंधरांची नजर त्या चौकटींत मावत नाहीं. देवादिकांचीं चित्रें त्यांनींहि काढलीं. पण येथें त्यांनीं ओळखलें तें हें कीं, स्त्रीचा देह तिच्या कामानें घडतो. ओझें वाहणारीची मान निराळी, घरांत वावरणारीची निराळी. पदराची चुणीहि अंगाच्या वळणानेंच पडते. सौंदर्य आधीं ठरवून स्त्रीला त्यांत बसविणें ही एक रीत. स्त्रीला आधीं नीट पाहणें ही दुसरी. दुसरी कठीण, कारण तिच्यासाठीं थांबावें लागतें. आम्ही चाळीस वर्षें एका घरांत राहून कधीं थांबलों नव्हतों.

अखेर आईच्या हाताखालीं कामास असलेल्या मावशींना विचारलें. त्या उत्तर न देतां खालींच बसल्या: एक पाय पसरलेला, दुसऱ्या उभ्या गुडघ्यावर कोपर, बोटांत वातीचा कापूस. चित्रकारानें तसेंच रेखाटलें.

तें चित्र आतां लक्ष्मीच्या खालीं आहे. चेहरा फारसा जुळत नाहीं, असें पाहुणे म्हणतात. आम्हांस बसणें ओळखूं येतें. परंतु तें आम्हीं आमच्या डोळ्यांनीं पाहून ठेवलेलें नाहीं, ही रुखरुख आहे.