पांढरे कार्ड

छातीत कळ आली की रोह्या-पेणकडला माणूस आधी पित्तावर हवाला ठेवतो. सोडा पिऊन पाहतो. यास अज्ञान म्हणणे आम्हांस पटत नाही. तो हिशेब असतो. अँजिओग्राफीला पनवेल किंवा मुंबई गाठायची, आणि अनामत कोठून आणायची? 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत रायगड होता. पण ती पिवळ्या-केशरी कार्डांपुरती. आमच्या घरचे पांढरे. (पांढरपेशा शब्दाचा असाही अर्थ!) ती सर्वांना खुली करण्याचा निर्णय 2023चा. त्याआधी पेणच्या आमच्या थोरल्या बंधूंनी दोन पावसाळे कळ अंगावर काढली. आम्ही विचारले की म्हणत, "गणपती होऊन जाऊ देत." डाव्या हाताला मुंग्या, आणि कारखान्यात शंभरेक मूर्तींच्या डोळ्यांची आखणी राहिलेली.