खडीसाखरेचा खडा

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने नवा छंद धरावा की नाही, याविषयी आमच्या घरी मतभेद आहेत. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की या वयात शहाणी माणसे पहाटे दूधगंगेकडे फिरावयास जातात, फार तर गुलाबाची कलमे करतात. दिव्याखाली बसून बोरूने कागदावर वेटोळी काढीत नाहीत. चिरंजीवांनी एकदा आमच्या वहीत डोकावून, "बाबा, मुंगी शाईत पडून इथून चालत गेली काय?" असे अत्यंत गंभीरपणे विचारले. आम्ही वकील असल्यामुळे उलटतपासणीला घाबरत नाही. परंतु या प्रश्नाला मात्र आमच्यापाशी उत्तर नव्हते. अक्षर खरोखरच तसे दिसत होते.

ती वेटोळी म्हणजे मोडी लिपी. गेली दोन वर्षे आम्ही ती शिकत आहो.

या छंदाचे मूळ हौसेत नाही, फजितीत आहे, हे कबूल केलेले बरे. एका जमिनीच्या दाव्यात आमच्या पक्षकाराने एक जुना कागद आणून दिला. कागद तीस वर्षांहून कितीतरी जुना. अशा कागदावरील सही व अक्षर, कागद योग्य ताब्यातून आला असल्यास, न्यायालयाने खरे मानावे, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे नव्वदावे कलम सांगत असे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी तीस वर्षांचा हा नियम त्याच्या ब्याण्णवाव्या कलमात टिकून आहे. तेव्हा आम्ही मोठ्या डौलाने तो कागद दाखल केला. न्यायाधीश कन्नड भाषक, मोठे सौजन्यशील गृहस्थ. त्यांनी विचारले, "ही भाषा कोणती?" आम्ही म्हणालो, "मराठीच आहे, साहेब." "मग आपली मातृभाषाच की. जरा वाचून दाखवा."

आम्ही कागद उजेडाकडे धरला, चष्मा पुसला, घसा साफ केला. शेवटी पुढची तारीख मागून घेतली.

वास्तविक या सीमाभागातील माणसाला लिप्यांचे भय वाटू नये. आमच्या सदलग्यात एका दुकानाची पाटी देवनागरीत, तर दुसऱ्याची कन्नडात. बसवरची कन्नड अक्षरे वाचता आली नाहीत, तर चिकोडीस जावयाचा माणूस निपाणीस पोचावयाचा. शाळेत आम्ही एका हाताने दोन्ही लिप्या गिरवल्या. या अंकाच्या कोकणी पानांच्या वाचकांना तर आमचा हा अभिमान पोरकट वाटेल. त्यांची भाषा देवनागरी, रोमी, कन्नड, मलयाळी असे किती वेष पालटून वावरली, आणि गोमंतकातील गावकारीचे जुने कागद ज्या गोयकानडी लिपीत लिहिले गेले, ती तर आता अभ्यासकांपुरतीच उरली आहे.

मोडीची गंमत अशी, की ती शिकण्याची संधी आम्हाला एकदा चालून आली होती आणि आम्ही ती आपल्या हाताने दवडली होती. ही हकीगत १९९१ सालच्या उन्हाळी सुट्टीतील, म्हणजे तीस वर्षांवरची, आणि आमच्याच ताब्यातून आलेली. वाचकांनी ती खरी मानण्यास कायद्याची हरकत नाही.

त्या काळी गावात एक सेवानिवृत्त मास्तर होते. त्यांचे शिक्षण मुंबई इलाख्यातले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा खुर्ची न हलवता मास्तरांचे राज्य बदलले. त्यांच्या लहानपणी मराठी शाळांतून मोडी शिकवीत. छपाईने बाळबोध लिपी घरोघर नेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून उठली, याचे मास्तरांना फार दुःख. त्या सुट्टीत देवळाच्या ओसरीवर त्यांनी चार पोरे गोळा केली. त्यांत आम्ही होतो आणि गुरवाचा मुलगा होता. बाकीची दोघे आंब्यांच्या दिवसांत कोठे विरघळली ते आठवत नाही.

आम्ही तेथे गेलो ते ऐटीत. कारण नुकतेच, शाळेच्या स्नेहसंमेलनात, हस्ताक्षराचे पहिले बक्षीस आम्हाला मिळाले होते. बक्षीस म्हणजे स्टीलचा पेला. त्यावर आमचे नाव कोरलेले. नावातील एक वेलांटी कोरणाराने चुकवली होती, पण त्यामुळे आमच्या आनंदात उणेपणा आला नाही. पुढे पदवीच्या वेळी झगा घालून छायाचित्र काढले, सनद मिळाली, तेव्हाही त्या पेल्याइतके समाधान झाले नाही. आजही आम्ही पाणी पितो ते त्याच पेल्यातून, आणि पाहुण्याने तो उचलला, तर दुसरा आणून देतो.

मास्तरांची रीत निराळी होती. प्रथम पानभर आडव्या रेघा ओढावयाच्या, मग एकेका रेघेला अक्षरे टांगीत जावयाचे, आणि बोरू होता होईतो उचलावयाचा नाही. ऱ्हस्वदीर्घाचा बहुधा विचार नाही, शब्दाशब्दांत अंतर नाही. एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे ज्याला मजकूर समजला त्यालाच कळावयाचे. मौजे लिहावयाचे असेल तर नुसते 'मौ' लिहून पुढे दोन उभ्या रेघा. यादवांचा मंत्री हेमाद्रीपंत याने ही लिपी काढली, असे परंपरा सांगते. विद्वानांना ते सर्वस्वी मान्य नाही. आम्हाला मात्र त्या वयात, ज्याने कोणी काढली त्याला शोधून जाब विचारावा, असे वाटे.

मास्तरांपाशी एक पत्र्याचा डबा असे. एक ओळ बिनचूक वाचली, की त्यातील खडीसाखरेचा एक खडा मिळे. चूक झाली, तर बाहेर काढलेला खडा आमच्या डोळ्यांदेखत परत डब्यात जाई. तो पडल्याचा आवाज अजून आमच्या कानांत आहे.

नवव्या दिवशी आम्ही ओसरी सोडली. घरी सांगितले, की हे परीक्षेला नाही, त्याला गुण नाहीत. वडिलांना ते पटले. पुढे आम्ही स्वतःलाही तेच सांगत आलो. परंतु खरे कारण वेगळे होते. नऊ दिवसांत गुरवाच्या मुलाने मूठभर खडे मिळवले होते आणि हस्ताक्षराचा पेला घरी असलेल्या आम्हाला दोन. शाळेत तो शेवटच्या बाकावर बसे. त्याचे अक्षर कोंबडीने उकरल्यासारखे. त्याने आमच्यापुढे जावे हे आम्हाला सोसेना. तो मात्र सारी सुट्टी, आणि पुढच्याही सुट्ट्या, त्या ओसरीवर बसला.

तर न्यायालयातील त्या फजितीनंतर आम्ही कोल्हापुरातल्या एका जाणकाराकडून कागदाचे बाळबोध लिप्यंतर करवून घेतले, दाव्याचे काम निभावले, पण मनातील काटा निघेना. पुस्तके आणली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेले 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड चाळले, आणि असे कागद वाचता यावेत म्हणून गावोगाव पायपीट करणाऱ्या त्या तऱ्हेवाईक पुरुषाविषयी प्रथमच धाक वाटला. कोणी सांगितले, की २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली असून ती आता यंत्रावरही लिहिता येते. लिहिता येत असेल. आम्हाला वाचता येत नव्हती. अखेर एका रविवारी आम्ही त्या ओसरीची पायरी चढलो.

गुरवाचा मुलगा आता स्वतःच गुरव आहे. सकाळी पूजा करतो आणि गळिताच्या दिवसांत साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला जातो. त्याने आमचे सारे ऐकून घेतले, आत गेला आणि तोच पत्र्याचा डबा घेऊन आला. मास्तरांनी जाताना त्याला दिला होता.

"बस की, वकील. रेघ वढ आधी."

तेव्हापासून दर रविवारी आमची शाळा भरते. आमचा मित्र शिक्षक म्हणून फार कडक आहे. पक्षकार आम्हाला साहेब म्हणतात. येथे "हितं थांबू नगंस, पुढं वाच" असे ऐकावे लागते. पहिला खडा मिळावयास दोन महिने लागले. तो आम्ही खिशात घालून घरी आणला आणि चहात टाकू पाहणाऱ्या सौभाग्यवतींच्या हातून शर्थीने वाचवला.

वर्षभराने थोडा धीर आला, तेव्हा माळ्यावरची ट्रंक आठवली. तीत आजोबांच्या हातचे एक बासन होते. घरात ते कोणालाच वाचता येत नसल्यामुळे ते महत्त्वाचे असावे, अशी सर्वांची समजूत होती. त्यातील एक लहानसा कागद आम्ही निवडला, तीन रात्री खपून निम्मा लावला आणि शिक्षकासमोर शेखी मिरवावी म्हणून देवळात घेऊन गेलो.

कागद शके १८२९, प्लवंगनाम संवत्सरातला. म्हणजे १९०७-०८ सालचा. लिहून देणार आमचे पणजोबा. चिरंजीवास मोठे दुखणे येऊन आराम पडला, सबब देवाचे दीपमाळेस दरसाल त्रिपुरी पौर्णिमेस करडईचे तेल देत जाऊ, असा मजकूर. ते चिरंजीव म्हणजे आमचे आजोबा. त्या वेळी तीन वर्षांचे. आम्ही अडखळत वाचीत होतो. "तेल शेर..." येथे आकडा घडीवर आल्याने पुसट झाला होता. आम्ही कागद डोळ्यांजवळ नेला.

"बारा," मित्र म्हणाला. "तेल शेर बारा, पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने घालीत जाऊ, यास अंतर करणार नाही."

हे बोलताना तो कागदाकडे पाहत नव्हता. समईची वात सारीत होता.

याच कागदाची दुसरी प्रत देवळाच्या पेटीत होती. आम्ही ओसरी सोडल्यावर त्याच सुट्टीत मास्तरांनी ती त्याला नक्कल करावयास दिली होती. १९७२ च्या दुष्काळात आजोबा वारले, वडील तेव्हा नोकरीनिमित्त परगावी. तेलाची गोष्ट आजोबांबरोबरच गेली. दीपमाळ मात्र दरसाल पेटत होती. लहानपणी आम्ही तिच्याभोवती नाचलो आहो.

"मग इतकी वर्षे तेल कोण घालीत होते?"

"आधी बा. मागनं मी."

"आणि तू मला कधी बोलला नाहीस?"

"काय बोलायचं? तू म्हनला असतास, कागूद दाव. कागूद दावला असता, तर तुला वाचाय कुठं येत हुता?"

त्या रात्री आम्ही वकिलाप्रमाणे विचार करून पाहिला. सवयच ती. पुत्र, पौत्र आणि प्रपौत्र यांनी पूर्वजाचे ऋण फेडणे हे त्यांचे धार्मिक कर्तव्य, असे जुने हिंदू विधिशास्त्र मानी. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू उत्तराधिकार कायद्यात ते तत्त्व पुढील कर्जांपुरते संपवले; पण त्यापूर्वीच्या ऋणांना परंतुकाने वगळले आहे. म्हणजे आमच्या कागदाला दुरुस्तीचा आधार नाही, आणि प्रपौत्र तर आम्ही नेमके आहोच. उलट बाजूने, नवस हा करार नव्हे, मोबदल्याचा पुरावा नाही, मुदतीच्या कायद्याने तर हे प्रकरण केव्हाच निकालात काढलेले. कोणताही वकील आम्हाला एका तारखेत सोडवील. आम्हीच सोडवू. हे सारे मुद्दे आम्ही एका कागदावर लिहिले आणि खाली हिशेब मांडला : बावन्न वर्षे, सालीना बारा शेर, एकूण सहाशे चोवीस शेर, ऐंशी तोळ्यांच्या शेराने सुमारे पाचशे ब्याऐंशी किलो. आमच्या मित्राच्या बापाचे कारखान्यात कामही नव्हते. त्याने दुष्काळाच्या साली ते तेल कोठून आणले असेल, हा आकडा मात्र आमच्या हिशेबात बसेना. मुद्दे लिहिलेला अर्धा कागद आम्ही फाडून टाकला. हिशेबाचा अर्धा ठेवला.

पुढच्या रविवारी तो मित्रापुढे ठेवला. थकबाकी कशी द्यावी, एकरकमी की हप्त्यांनी, असे विचारले. त्याने कागद पाहिला, बेरीज तपासली (वजनकाट्यावरचा माणूस) आणि परत दिला.

"मागचं जळून गेलं, वकील. ह्या सालचं आन."

गेल्या त्रिपुरी पौर्णिमेस आम्ही आणि चिरंजीव दोन डबे धरून देवळात गेलो. करडईचे तेल घाण्यावरून आणले होते. मित्राने वजन करून घेतले. आम्ही दोन्ही बाजूंना ओळखतो, पण वजन झालेच पाहिजे, असा त्याचा आग्रह. चिरंजीवांना दीपमाळेवर चढावयास मिळाल्यामुळे मुंगी आणि शाई यांविषयीचे त्यांचे मत तूर्त सौम्य झाले आहे.

काळोख पडल्यावर मित्राने तेलाची पावती लिहून दिली. बोरूने, मोडीत, एका दमात. अक्षर अजूनही कोंबडीने उकरल्यासारखेच. पण त्या लिपीत ते शोभून दिसते. डब्यातून एक खडा काढून त्याने पायरीवर ठेवला आणि पावती वाचावयास सांगितली. दीपमाळेचा उजेड होता. आम्ही तिथी वाचली, वजन वाचले, पणजोबांचे नाव वाचले. आमच्या स्वतःच्या नावाशी मात्र अडखळलो. ते त्याने बरोबरच लिहिले होते. आम्ही पेल्यावरच्यासारखे वाचले.

मित्राने खडा उचलला आणि डब्यात परत टाकला.